ओके दाबायची सवय

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मी एका कॉम्प्युटरच्या पोटात चार कॉम्प्युटर चालवते." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थापा मारते आहे. पण ते अगदी खरं आहे. अकोल्यात एका ट्रस्टची रक्ततपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या खोलीत एक काळी पेटी आहे, आणि त्या पेटीत सॉफ्टवेअरच्या जोरावर चार स्वतंत्र कॉम्प्युटर चालतात. त्यांना स्वतःचा पडदा नाही, कीबोर्ड नाही, पण प्रत्येकाचा कारभार वेगळा. एकात रुग्णांचे रिपोर्ट, दुसऱ्यात जुन्या फायली, तिसऱ्यात कर्मचाऱ्यांची हजेरी आणि चौथा माझ्या खटपटींसाठी. मी राहते अमरावतीत. घरच्या टेबलावर बसून इंटरनेटवरून ही चारही यंत्रं सांभाळते. महिन्यातून एकदा अकोल्याला जाऊन पेटीवरची धूळ पुसते, एवढंच.

हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही उतरवून घ्यावं, उघडून पाहावं, वापरावं. ते बनवणारी कंपनी सबस्क्रिप्शन विकते. ते घेणाऱ्याला नीट पारखलेले अपडेट मिळतात आणि अडचणीत विचारायला माणूस मिळतो. न घेणाऱ्यालाही सॉफ्टवेअर तेच मिळतं, काही झाकलेलं नसतं. फक्त अपडेट दुसऱ्या वाटेनं येतात, थोडे कमी पारखलेले, आणि विचारायला कुणी नसतं. शिवाय दर वेळी आत शिरताना पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवते. या सर्व्हरसाठी वैध सबस्क्रिप्शन नाही, असं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली ओके.

चार वर्षांपूर्वी ट्रस्टच्या बैठकीत यावरून मी चांगलीच भांडले होते. सचिव म्हणाले होते, "फुकटात चांगलं काई भेटते काय, ताई?" मी तिथल्या तिथे त्यांना अर्धा तास शिकवणी दिली. फुकट आणि मुक्त यातला फरक सांगितला. सबस्क्रिप्शनच्या पैशात आपण चांगल्या डिस्क घेऊ, असं म्हटलं. आणि शेवटी, जरा छाती पुढे काढूनच, म्हटलं की विचारायला माणूस लागतो तो न येणाऱ्याला, मला येतं. माझा स्वभाव असा आहे. बरोबर असले की गप्प बसवत नाही, आणि तेव्हा मी बरोबर होते.

ती चौकट काढून टाकायचे उपाय इंटरनेटवर ढिगानं आहेत. दोन ओळींचं काम. मी केलं नाही. ज्यांचं सॉफ्टवेअर फुकट वापरतो त्यांचा एवढा टोमणा ऐकून घ्यावा, असं मला वाटायचं. तर ती चौकट राहिली, आणि मी ती दिवसातून पाच-सहा वेळा बंद करत राहिले. पहिल्या महिन्यात वाचून, मग न वाचता, मग न बघता. पुढे पुढे तर चौकट पुरती उमटायच्या आत माझं बोट पडलेलं असायचं. चार वर्षांत हाताला ते इतकं सवयीचं झालं की त्यात डोक्याचा काही संबंध उरला नाही.

हे सगळं मला त्या मे महिन्यातल्या रविवारी कळलं.

रविवारी प्रयोगशाळा बंद असते, म्हणून अपडेटचं काम मी रविवारी सकाळी करते. त्या दिवशी आठला चहा घेऊन बसले. ऊन तेव्हाच तापलं होतं, कूलर घरघरत होता. चारही यंत्रं थांबवली, पेटी अपडेट केली, पुन्हा चालू केली. ठीकठाक. मग मी माझं एक शहाणपणाचं काम काढलं. बॅकअप नुसता घेऊन चालत नाही, तो उघडतो का हेही अधूनमधून पाहावं लागतं. गुरुवारी रात्रीचा रिपोर्टच्या यंत्राचा बॅकअप निवडायचा, त्यातून एक नवं यंत्र उभं करायचं, चालतं का पाहायचं आणि पुसून टाकायचं. बॅकअप आठवड्यातून दोनदाच व्हायचा, सोमवारी आणि गुरुवारी.

हे काम दोन ठिकाणांहून करता येतं. बॅकअपच्या कोठारातून केलं तर नवा नंबर टाकून वेगळं यंत्र उभं करता येतं. त्याच यंत्राच्या पानावरून केलं तर बॅकअप थेट त्या यंत्रावरच चढतो आणि आधीचं सगळं जातं. मला हे पाठ आहे. लोकांना मी हेच शिकवते. त्या सकाळी मी यंत्राच्या पानावर होते आणि आपण कोठारात आहोत असं समजत होते. मी बटण दाबलं. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. माझं बोट पडलं.

काम सुरू झालं. टक्के वाढत गेले. मी चहा संपवला. चाळीस टक्क्यांवर माझी नजर वरच्या नंबरावर गेली. तो नवा नंबर नव्हता. तो रिपोर्टच्या यंत्राचाच होता.

थांबवून उपयोग नव्हता, तरी थांबवलं. जुनी डिस्क तोवर गेलेली होती. पुढची वीस मिनिटं मी काय काय करून पाहिलं ते आता मला नीट आठवतही नाही. दोनदा चुकीचा पासवर्ड टाकला. मदतीला फोन करावा असं कुणी नव्हतं, आणि असतं तरी गेलेलं परत आलं नसतं. शेवटी गुरुवारचा बॅकअप पुन्हा पूर्ण चढवला. यंत्र सुरू झालं. गुरुवार संध्याकाळपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं. शुक्रवार आणि शनिवार नव्हते.

दोन दिवसांचं काय असणार, बहुतेक रिपोर्ट छापून गेलेच असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मॅडमना फोन केला. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या डॉक्टर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या सिकलसेलच्या मुलीचं पॅनेल त्यात होतं."

चांदूर बाजारकडच्या एका गावातली बारा वर्षांची मुलगी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे लहानपणापासून रक्त चढवून घेत आलेली. सतत परकं रक्त घेतलं की काहींच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात. मग रक्तगट जुळला तरी रक्त जुळतंच असं नाही. चुकीची पिशवी लागली तर जिवावर बेततं. तिच्या रक्तात कोणती प्रतिद्रव्यं आहेत हे शोधायची तपासणी, म्हणजेच ते पॅनेल, आमच्याकडे होती. मुलगी अमरावतीच्या दवाखान्यात भरती होती, सोमवारी सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन, आणि त्याआधी रक्त चढवायचं. आमचा रिपोर्ट रविवारी संध्याकाळी सातपर्यंत तिथल्या रक्तपेढीत पोचला तरच त्यांना रात्रीतून पिशव्या शोधता येणार होत्या. शनिवारभर खपून भाऊंनी तपासणी पूर्ण केली होती. भाऊ म्हणजे आमचे जुने तंत्रज्ञ, तिथे तीस वर्षं काम करणारे. मॅडम दुपारी येऊन तपासून सही करणार होत्या.

मॅडमनी भाऊंना फोनवर घेतलं. मी पहिलाच प्रश्न विचारला, कागद आहे का? भाऊ म्हणाले, "कागद तं तुमीच बंद केला ना, ताई. दोनदा कायले लिवता म्हणे." खरं होतं. मागच्या वर्षी मीच त्यांच्या मागे लागून निकाल थेट कॉम्प्युटरवर भरायला लावले होते.

"पण मले पाठ हाये," भाऊ म्हणाले. "दोन प्रतिद्रव्यं होते. मी आता लिवून देतो. मॅडम, तुमी सही करा, झालं."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, करून टाका. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आहे, त्याला आठवतंय. माझी चूक एका सहीखाली झाकली जात होती.

"पाठ आहे ते परीक्षेत लिहा," मॅडम म्हणाल्या. "सही मला करायची आहे. नमुना उरलाय?"

नव्हता. तिच्या शिरा सापडत नाहीत म्हणून दवाखान्यानं थोडंच रक्त पाठवलं होतं, ते सगळं लागलं होतं. म्हणजे मुलीचं रक्त पुन्हा घ्यायचं, ते अकोल्याला आणायचं आणि चार तासांची तपासणी पुन्हा करायची. साडेदहा वाजले होते. अमरावतीत आमच्यापैकी मीच होते.

"मी घेऊन येते," मी म्हटलं.

फोन ठेवण्याआधी मॅडमचा आवाज जरा खाली आला. "आईला सांगा नमुना खराब झाला. होतं असं कधीकधी. उगाच घाबरवू नका त्यांना."

मला ते वाक्य देवानं दिल्यासारखं वाटलं. दवाखान्याचे जिने चढताना मी तेच घोकत होते. नमुना खराब झाला. होतं असं कधीकधी.

वॉर्डात कोपऱ्यातल्या पलंगावर मुलगी बसली होती. हडकुळी, डोळे पिवळसर, मांडीवर सातवीचं पुस्तक. शेजारी आई. अंगणवाडीत मदतनीस आहे, असं तिनं मी न विचारताच सांगितलं. मी प्रयोगशाळेतून आलेय आणि पुन्हा रक्त लागणार, हे ऐकून तिचा चेहरा ताठ झाला.

"काहून? परवाच तं नेलं."

"हो, पण तो नमुना जरा खराब झाला."

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"म्या म्हटलं व्हतं ना, आई," ती म्हणाली. "माह्यंच रक्त खराब निंगते."

"शाळेत तपासणी झाली तवापासून हेच ऐकून राहिली थे," आई मला म्हणाली. "घरचेबी तेच म्हणतात."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझ्या एका बोटाची चूक मी त्या पोरीच्या रक्तावर ढकलली होती, आणि तिनं ती मुकाट्यानं घेतलीही होती. घोकलेलं वाक्य, पुस्तकी भाषा, सगळं कुठच्या कुठे गेलं.

"नाई वं बाई," मी म्हटलं. "तुह्यं रक्त चांगलं होतं. तपासणीबी झाली होती. म्या पुसली. माह्या हातानं. कॉम्प्युटरमंधून."

मुलीनं तोंड वळवलं. "तुमी? काहून?"

"चुकून."

"पण थो विचारत नाई काय? आमच्या शाळेतला तं विचारते, खरंच पुसू काय म्हणून."

"विचारलं होतं."

"मंग?"

"वाचलं नाई म्या."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. रागानं नव्हे. एवढी मोठी बाई असं कसं करते, हे तिला खरोखर कळत नव्हतं. आईचा राग मात्र तिच्या ताठ मानेत दिसत होता. ती म्हणाली, "पोरीले तीन-चारदा टोचतात तवा एकदा शीर लागते. मालूम हाये तुमाले?"

"नाही."

"मंग आता इथंच उभ्या राहा."

मी उभी राहिले. सिस्टर आली. डाव्या हाताला पहिल्यांदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा सुई आत फिरवून पाहिली, नाही. मुलगी ओठ दाबून पंख्याकडे बघत होती. उजव्या मनगटाला तिसऱ्यांदा. तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला आणि मी मान फिरवली. "पाहा ना," आई म्हणाली. मी पाहिलं. चौथ्यांदा तळहाताच्या मागे शीर लागली. थेंब थेंब करत दोन नळ्या भरायला किती वेळ लागला, मी सांगू शकत नाही. मला तो फार वाटला.

नळ्यांवर नाव-नंबराच्या चिठ्ठ्या लावून सिस्टरनं त्या माझ्या हातात दिल्या. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, मुलीच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली. आई बघत होती. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "आता वाचत जा, बाई."

साडेअकराला अमरावती सोडली. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, वर कापड, कापडावर नळ्या. नळी बर्फाला टेकली तर रक्तातल्या पेशी फुटतात आणि तापली तर वाया जातं, असं भाऊंनी दोनदा बजावलं होतं. डबा शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधला. माझ्या गाडीचा एसी उन्हाळ्यात नावालाच चालतो. बडनेरा मागे पडलं तशी बाहेर झळ दिसायला लागली, डांबरावर पाणी सांडल्याचा भास होत होता. दर दहा मिनिटांनी मी डब्याला हात लावून बघत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि ट्रकांची रांग लागली होती. वीस मिनिटं गाडी तसूभरही हलली नाही. मी डबा मांडीवर घेतला, ओढणी पाण्यानं भिजवून त्याच्यावर टाकली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा रांग पुढे गेलेली होती.

अकोल्यात पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. मॅडम आणि भाऊ दारातच उभे होते. भाऊंनी नळ्या उजेडाला धरल्या, हलकेच तिरप्या केल्या, म्हणाले, "जमते."

पुढचे चार तास मी भिंतीला लागून एका स्टुलावर बसले. भाऊंनी कपाटातून जुना आखीव तक्ता काढला आणि पेन्सिल कानामागे खोवली. एकेक खूण कागदावर केली, मग कॉम्प्युटरवर भरली. दोनदा. मी काही म्हटलं नाही. सहाच्या सुमाराला ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत गेले. मग खुर्चीवर बसले.

"तीन हायेत," ते म्हणाले.

मॅडमनी चष्मा लावला. भाऊंना पाठ असलेली दोन प्रतिद्रव्यं होतीच. तिसरंही होतं, क्षीण पण स्पष्ट.

"थे कालबी असंन," भाऊ हळूच म्हणाले. "मी भरलंबी असंन. पण सकाळी मले आठवलंच नाई." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी सकाळी लिवून देत होतो, मॅडम."

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. सकाळी फोनवर, करून टाका, असं मनातल्या मनात म्हणणारी मीच होते. त्या दोन प्रतिद्रव्यांच्या रिपोर्टवर पिशवी आली असती, त्या पोरीला लागली असती, आणि काय झालं ते कुणाला कळलंही नसतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन आत आले. पावणेसातला सही झाली, रिपोर्ट गेला.

सचिवांचा फोन तिथेच आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "शेवटी फुकटचं नडलंच ना, ताई?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट ते मला वाट काढून देत होते. "सॉफ्टवेअरचा दोष म्हणून मिटिंगमंधी सांगून टाकू. सबस्क्रिप्शन घेऊ. तुमच्यावर काई येत नाई."

"सॉफ्टवेअरनं बरोबर विचारलं होतं," मी म्हटलं. "सगळं पुसलं जाईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नाही. सबस्क्रिप्शन घ्यायचं तर जरूर घेऊ, विचारायला माणूस मिळेल. पण मिटिंगमध्ये माझंच नाव सांगा."

बॅकअप आता रोज होतो. भाऊंचा कागद परत आला. सबस्क्रिप्शनचा विषय ट्रस्टकडे अजून पडून आहे, तो कधीतरी निघेल. चौकट मात्र येते. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, ती आली तेव्हा मी हात मांडीवर ठेवले आणि ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. खाली दुसरी एक ओळ आहे हेही चार वर्षांत मी विसरून गेले होते.

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीची आई होती, प्रयोगशाळेतून माझा नंबर घेतलेला. "ऑपरेशन झालं, उठून बसली," ती म्हणाली. "चहा मांगून राहिली." मी नुसतं बरं, बरं म्हणत राहिले. तेवढ्यात पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि बारीक, दमलेला आवाज आला.

"ताई, या वेळेचं रक्त कसं निंगालं?"

"चांगलं," मी म्हटलं. "पयलंबी चांगलंच होतं, बाई."

"थे आईले सांगा," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा आईकडे गेला.